प्रकल्प नोंदी: २९९ रुग्ण, तेरा रकाने आणि १.८३

९ जून २०२५, सोमवार

काम काय आहे ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटले तर परत यायला जागा राहील. हार्ट फेल्युअरचा रुग्ण पुढचे काही महिने काढेल का, याचा अंदाज त्याच्या नोंदींवरून बांधायचा. आणि अंदाजासोबत कारण द्यायचं. वॉर्डातल्या रेसिडेंटला ते वाचून “हे मला पटत नाही” असं म्हणता आलं पाहिजे, इतकं उघड कारण.

दुसरी अट मॅडमची. मिरजेला त्यांची ओपीडी संपल्यावर दुपारी भेटलो. चहा थंड होईपर्यंत त्या माझी फाइल चाळत होत्या. मग म्हणाल्या, “अगं, आकडा कोणीही काढून देईल. सत्तर टक्के धोका म्हणजे मी नातेवाइकांना काय सांगू? का, ते सांग. आणि ते ‘का’ चुकलेलं असेल तर माझ्या लक्षात यायला हवं.”

एथिक्स कमिटीची परवानगी येईपर्यंत इथल्या एकाही केस पेपरला हात लावायचा नाही, हे ठरलं. तोवर सराव सगळ्यांना खुल्या असलेल्या फाइलवर. बोस्टनच्या आयसीयूच्या नोंदी खूप मोठ्या आहेत, पण मी मुद्दाम लहान फाइल घेतली: पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या दोन रुग्णालयांतली, एप्रिल ते डिसेंबर २०१५ मधली. २९९ रुग्ण, १९४ पुरुष आणि १०५ बायका, सगळे चाळीस ते पंच्याण्णव वयाचे, सगळ्यांच्या हृदयाचा डावा कप्पा कमकुवत, सगळे दम लागण्याच्या चार पायऱ्यांपैकी तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचे. त्यांतले ९६ गेले. २९९ ओळी एक-एक करून डोळ्यांखालून घालता येतात. लाखभर ओळी असत्या तर ते सुचलंही नसतं.

११ जून, बुधवार

फाइल उघडली. वय, अ‍ॅनिमिया, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम), मधुमेह, ईएफ (डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तातलं किती टक्के बाहेर ढकलतो), बीपी (उच्च रक्तदाब), प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढतं), सोडियम, लिंग, धूम्रपान, फॉलोअपचे दिवस आणि शेवटी मृत्यू, ० किंवा १.

पहिली ओळ: वय ७५, पुरुष, सीपीके ५८२, ईएफ २०, बीपी आहे, प्लेटलेट २६५०००, क्रिएटिनिन १.९, सोडियम १३०. चौथ्या दिवशी गेला. दुसरी: वय ५५, सीपीके ७८६१, प्लेटलेट २६३३५८.०३, सहाव्या दिवशी गेला. शेवटची ओळ पन्नाशीतल्या पुरुषाची, २८५ दिवस, जिवंत.

अख्खी फाइल फॉलोअपच्या दिवसांप्रमाणे लावलेली आहे, हे पहिल्या स्क्रीनवर लक्षात आलं म्हणून बरं. ओळी न पिसता वरच्या ऐंशी टक्के शिकायला आणि खालच्या वीस टक्के तपासायला घेतल्या असत्या, तर मॉडेल लवकर गेलेल्यांवर शिकलं असतं आणि परीक्षा उरलेल्यांची घेतली असती.

१३ जून, शुक्रवार

सुरुवात साध्या निर्णयवृक्षापासून (हो-नाही प्रश्नांच्या झाडापासून) केली, कारण तो कागदावर काढता येतो. सगळे रकाने दिले. अचूकता पाहून खूश झाले, आणि मग झाड छापून पाहिलं. पहिलीच फांदी फॉलोअपच्या दिवसांवर: ७४ दिवसांच्या आत की पुढे. ईएफ, क्रिएटिनिन सगळं त्याच्या खाली.

याचा अर्थ असा की मॉडेलने विचारलं, “याची नोंद लवकर संपली का?” आणि हो म्हटल्यावर म्हणालं, “मग गेला असेल.” गेलेल्यांचे फॉलोअपचे दिवस सरासरी ७१ आहेत, बाकीच्यांचे १५८. माणूस गेला म्हणून नोंद संपली, आणि त्या संपण्यालाच मॉडेलने लक्षण मानलं. रुग्ण दाखल होतो त्या दिवशी हा रकाना रिकामा असतो. तो माहीत असेल तर अंदाजाची गरजच उरत नाही.

या फाइलवर लोकांनी केलेल्या कितीतरी कामांत हा रकाना तसाच आत राहिलेला दिसतो, आणि मोठ्या अचूकतेचं श्रेयही त्यालाच असतं. झाड कागदावर काढलं नसतं तर मीही तोच आकडा घेऊन मॅडमकडे गेले असते. तुलनेसाठी: “कोणीही जाणार नाही” असं डोळे मिटून म्हटलं तरी २९९ पैकी २०३ बरोबर येतात, म्हणजे ६८ टक्के. इथे अचूकतेवर भिस्त ठेवायची नाही.

१८ जून, बुधवार

दिवसांचा रकाना काढून टाकायचा म्हटला तर दुसरी अडचण. पंधराव्या ओळीत एक बाई आहे. वय ४९, अ‍ॅनिमिया, बीपी, ईएफ ३०, क्रिएटिनिन १. फॉलोअप १२ दिवस, मृत्यू ०.

नुसतं ०/१ ओळखायला लावलेलं मॉडेल हिला “वाचली” असं शिकतं. पण तिच्याबद्दल खरी माहिती एवढीच आहे की बाराव्या दिवशी ती जिवंत होती. तिला आणि २८५ दिवस काढलेल्या माणसाला एकाच रांगेत बसवणं चूक आहे, दोघांवरही अन्याय करणारं आहे. आज दिवसभर तिची ओळ माझ्या डोक्यातून गेली नाही.

म्हणून वर्गीकरण बंद. जगण्याच्या काळाचं गणितच वापरायचं. कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ मध्ये दिलेल्या, कोणत्या दिवसापर्यंत किती जण जिवंत राहिले ते दाखवणाऱ्या वक्रात ही बाई बाराव्या दिवसापर्यंत “अजून धोक्यात असलेल्या” लोकांत मोजली जाते आणि मग अलगद बाजूला होते. ना वाचलेली, ना गेलेली. तिचे बारा दिवस पुरेपूर वापरले जातात, त्यापुढे तिच्या नावावर काही खपवलं जात नाही. फॉलोअपचे दिवस आता उत्तराच्या बाजूला गेले, कारणांच्या बाजूला नाहीत.

२० जून, शुक्रवार

कोणत्या गोष्टीने मृत्यूचा धोका किती पट होतो ते काढणारी डेव्हिड कॉक्स यांची १९७२ ची रीत लावली. २०१७ मध्ये या रुग्णांवर पहिला निबंध आला तोही याच रीतीने, आणि माझे आकडे त्याच्याशी जुळले.

वय एका वर्षाने वाढलं की धोका १.०४८ पट. ईएफ एका टक्क्याने वाढली की ०.९५२ पट. अ‍ॅनिमिया असला तर १.५८ पट, बीपी असलं तर १.६१, क्रिएटिनिन एकाने वाढलं की १.३८.

एका वर्षाचा, एका टक्क्याचा आकडा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. दहाने करून पाहिला: वय दहा वर्षांनी वाढलं की धोका साधारण १.६ पट, ईएफ दहा टक्क्यांनी घसरली की तोही १.६ पट. हे फोनवर सांगितलं तशा मॅडम थांबल्या. “म्हणजे पन्नाशीचा, ईएफ २५ वाला आणि साठीचा, ईएफ ३५ वाला, दोघं एका पारड्यात?” हो, बाकी सगळं सारखं असेल तर. “हे मला कळतं. यावर मी भांडू शकते.” दोन आठवड्यांत पहिल्यांदाच वाटलं की काम योग्य दिशेला चाललंय.

सी-इंडेक्स ०.७४: दोन रुग्ण उचलले तर आधी कोण गेला हे चारांपैकी तीन वेळा बरोबर सांगता येतं. ईएफचा परिणाम काळासोबत बदलतो अशी शंका अवशेषांच्या (मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्षात घडलेलं यांतल्या फरकांच्या) तपासणीत आली. सुरुवातीच्या दिवसांत कमी ईएफ जास्त भोवते, असं मॅडमचंही म्हणणं पडलं. क्रिएटिनिन सरळ रेषेत धरणं मात्र मला खटकतं. १ चं २ होणं आणि ८ चं ९ होणं सारखं कसं असेल? लॉग (लॉगॅरिदम, म्हणजे किती पट वाढलं ते मोजलं जाईल) घेऊन पुन्हा करायचं.

२५ जून, बुधवार

रँडम सर्व्हायव्हल फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं जंगल) चालवून शॅपचे तक्ते (कोणत्या रकान्याने अंदाज किती आणि कुठे हलवला ते दाखवणारे) काढले आणि छापून नेले. मॅडमच्या टेबलावर दोन रेसिडेंटही होते. रंगीत ठिपक्यांच्या तक्त्याकडे बघून एकजण लगेच म्हणाला, “लाल म्हणजे धोका ना?” नाही. लाल म्हणजे त्या रकान्याची किंमत जास्त. ईएफच्या ओळीत लाल ठिपके डावीकडे आहेत, म्हणजे चांगल्या बाजूला. मी समजावलं, त्याने मान डोलावली, आणि पाच मिनिटांनी सोडियमच्या ओळीवर त्याने पुन्हा तीच चूक केली.

चूक त्याची नाही. आयुष्यभर लाल रंग धोक्याचा म्हणून शिकलेल्या माणसासमोर मी लाल ठिपके ठेवले. रात्री दोनला, तीन पेशंट वाट बघत असताना हा कागद वाचला जाणार आहे.

संगणकशास्त्रज्ञ सिंथिया रुडिन यांनी २०१९ मध्ये मांडलेलं म्हणणं मला आज नीट उमगलं: निर्णय माणसाच्या जिवाशी निगडित असेल तर बंद पेटीला नंतर स्पष्टीकरण चिकटवू नका, मुळातच वाचता येईल असं मॉडेल करा. जंगल आणि कॉक्स यांच्या गुणांत मला इथे इतका फरक दिसला नाही की त्यासाठी वाचनीयता सोडावी. जंगल बंद केलं. पुढे गुणांचं कार्ड: वयाला इतके, ईएफला इतके, बेरीज करा, खाली वक्र बघा. पेनने करता येईल असं.

२८ जून, शनिवार

मॅडमचा मेसेज सकाळी सात वाजता: “धूम्रपान कुठे गेलं? मधुमेह कुठे गेला?”

कार्डात ते आले नाहीत, कारण फाइलमध्ये ते काहीच बोलत नाहीत. मधुमेह असलेले १२५, त्यांतले ४० गेले, ३२ टक्के. नसलेले १७४, त्यांतले ५६ गेले, पुन्हा ३२ टक्के. बिडी-सिगारेट ओढणारे ९६, त्यांतले ३०. न ओढणारे २०३, त्यांतले ६६. जवळजवळ तंतोतंत सारखं. त्यात ओढणाऱ्या बायका अवघ्या चार, त्यामुळे धूम्रपानाचा रकाना अर्धा लिंगाचाच रकाना आहे.

यावरून तंबाखू निरुपद्रवी आहे असं कोणी वाचलं तर अनर्थ होईल. हे सगळे रुग्ण आधीच शेवटच्या दोन पायऱ्यांवर होते. तंबाखू आणि साखर यांनी जे करायचं ते करून त्यांना इथवर आणलेलं. इथे आलेल्यांमध्ये पुढे कोण आधी जाईल, हा वेगळा प्रश्न, आणि फाइल फक्त त्याचंच उत्तर देते. निमोनियाच्या नोंदींचं उदाहरण रिच कारुआना आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं होतं: दमा असलेल्यांचा धोका कमी दिसला, कारण त्यांना थेट आयसीयूत नेऊन जास्त काळजी घेतली जात होती. मॉडेल वाचता येत होतं म्हणून ते सापडलं.

कार्डाच्या मागे ठळक अक्षरांत ओळ घालायची: “हे आजाराचं कारण सांगत नाही. दाखल झालेल्या रुग्णांत कोणाकडे आधी बघायचं, एवढंच सांगतं.” मॅडमनी “एवढंच” खाली रेघ मारली.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. मॅडम पंढरपूरला वैद्यकीय सेवेत, फोन बंद. काम नाही.

९ जुलै, बुधवार

कार्डासाठी गटांच्या सीमा ठरवायच्या म्हणून प्रत्येक रकान्यात कोणता आकडा किती वेळा येतो ते मोजलं. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

सीपीके ५८२ हा आकडा ४७ वेळा. रकान्याची सरासरी ५८१.८. प्लेटलेट २६३३५८.०३ हा २५ वेळा, आणि प्लेटलेट मोजताना शून्य दशांश शून्य तीन अशी कोणती प्रयोगशाळा देते? दोन रुग्णांचं वय ६०.६६७. म्हणजे रिकाम्या जागा सरासरीने भरलेल्या आहेत, आणि पहिल्याच ओळीतलं ५८२, दुसऱ्याच ओळीतलं २६३३५८.०३ मी ११ जूनला स्वतःच्या हाताने वहीत उतरवलं होतं.

मग ईएफ. २९९ रुग्णांत फक्त १७ वेगवेगळे आकडे, आणि बहुतेक पाचाच्या पटीत: २०, २५, ३०, ३५, ४०. हे समजण्यासारखं आहे. इको करणारा बऱ्याचदा नजरेने अंदाज घेतो. बाबांच्या दोन रिपोर्टांत, एकाच महिन्यात, एकदा ३० होतं आणि एकदा ३५. घरात आम्ही सुधारणा झाली म्हणून पेढे वाटले होते. पण या फाइलमध्ये ४० जणांची ईएफ ३८ आहे. नजरेने ३८ कोणी लिहीत नाही. रकान्याची सरासरी ३८.०८.

मॅडमना विचारलं. त्यांची आणखी एक शंका: “सगळ्यांचा डावा कप्पा कमकुवत होता म्हणतेस, मग ३१ जणांची ईएफ ६०, निरोगी माणसासारखी, कशी?” माझ्याकडे उत्तर नाही, प्रश्न वहीत ठेवला.

१२ जुलै, शनिवार

आज जे सापडलं ते नीट लिहिते.

क्रिएटिनिनचे आकडे बहुतेक एका दशांशापर्यंत आहेत: ०.९, १.१, १.९. त्यांत दोन आकडे उपरे दिसतात, १.१८ आणि १.८३. सरासरीने भरलं असेल तर एकच आकडा दिसायला हवा, आणि एकूण सरासरी तर १.३९ आहे. मग हे दोन कुठून आले?

ओळी उघडल्या. वय ९४, सीपीके ५८२, ईएफ ३८, प्लेटलेट २६३३५८.०३, क्रिएटिनिन १.८३, सोडियम १३४. सत्ताविसाव्या दिवशी गेला. वय ७०, ५८२, २६३३५८.०३, १.८३, सोडियम १३४. एकतिसाव्या दिवशी गेला. वय ८६, ५८२, ३८, २६३३५८.०३, १.८३, सोडियम १३४. पंच्याण्णवाव्या दिवशी गेली.

आता १.१८ च्या. वय ४५, ईएफ ८०, ५८२, २६३३५८.०३, १.१८, सोडियम १३७. ६३ दिवस, जिवंत. वय ४५, ईएफ ३८, ५८२, २६३३५८.०३, १.१८, सोडियम १३७; १८५ दिवस, जिवंत.

हात थरथरत होता. गेलेल्यांची आणि राहिलेल्यांची क्रिएटिनिनची सरासरी वेगवेगळी काढली. राहिलेल्यांची १.१८४८. गेलेल्यांची १.८३५८.

म्हणजे या ओळींत क्रिएटिनिनच्या रकान्यात रक्ताचा आकडा नाहीच. तिथे मृत्यूच्या रकान्याचं उत्तर क्रिएटिनिनचे कपडे घालून बसलेलं दिसतं. मी दिवसांचा रकाना दारातून बाहेर काढला आणि तोच दगा इथून खिडकीतून आत आला. फरक एवढाच की तो रकाना संशयास्पद होता, आणि क्रिएटिनिनवर तर सगळ्यांचा विश्वास. २०२० मधल्या एका निबंधाचा सगळा भर ईएफ आणि क्रिएटिनिन या दोनच रकान्यांवर आहे.

दोष कोणाच्या माथी मारायचा नाही. रिकामी जागा सरासरीने भरणं ही आम्हा सगळ्यांची सवय आहे, मीही केलंय, आणि गटवार सरासरी काढली की ते जास्त काळजीचं काम वाटतं. क्रिएटिनिन महत्त्वाचं आहे हेही यामुळे खोटं ठरत नाही. हृदय कमी रक्त ढकलतं तेव्हा मूत्रपिंडाला त्याची झळ बसतेच, ते कोणताही फिजिशियन सांगेल. पण किती महत्त्वाचं, हे या फाइलवरून सांगताना आता माझी जीभ अडखळेल.

शॅपचा सुंदर तक्ता, कॉक्सचा नेटका गुणक, दोघांनी क्रिएटिनिन वर दाखवलं होतं. दोघं प्रामाणिक होते. समोर जे ठेवलं होतं त्याचंच कारण त्यांनी सांगितलं.

१७ जुलै, गुरुवार

दुरुस्ती. ५८२, २६३३५८.०३, १.१८, १.८३ हे सगळे आकडे पुसून रिकामे केले. ईएफ ३८ च्या ओळींचं दोन्ही तऱ्हेने करून पाहिलं: एकदा खरी धरून, एकदा रिकामी धरून. रिकाम्या जागा भरताना मृत्यूच्या रकान्याकडे आणि तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या रुग्णांकडे बघायचं नाही, आणि भरण्याचं काम प्रत्येक फेरीत नव्याने करायचं.

इथे सांख्यिकीवाले एक हरकत घेतील: संबंध शोधताना, अनेकदा भरण्याच्या पद्धतीत (एकच रिकामी जागा वेगवेगळ्या आकड्यांनी बऱ्याच वेळा भरून), परिणामाचा रकाना आत घेतातच. बरोबर आहे, पण तिथे प्रत्येक वेळी थोडी अनिश्चितता मिसळतात आणि तो अभ्यास संबंध समजून घेण्याचा असतो. मला दाखल होणाऱ्या नव्या माणसाचा अंदाज करायचा आहे. त्याचा शेवटचा रकाना अजून कोणी लिहिलेला नाही.

क्रिएटिनिन कार्डात राहिलं, लॉगच्या रूपात. त्याच्या गुणांपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं. इथल्या नोंदींवर ते पुन्हा मोजेपर्यंत पुसायचं नाही.

२२ जुलै, मंगळवार

परवानगी आली. रेकॉर्ड रूमच्या मामांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट दाखवली, जी मला कोणत्याही फाइलमध्ये सापडली नसती. गेलेल्यांचे केस पेपर वेगळ्या गठ्ठ्यात असतात, आणि ते जास्त भरलेले असतात. “मृत्यू झाला की सगळे रिपोर्ट जोडूनच पेपर इकडं येतो, ताई. बरा होऊन गेलेल्याचा कोण बघतंय एवढं.” म्हणजे इथेही रिकामा रकाना मुका नाही. कोणाचा रकाना रिकामा आहे यातच कोण वाचलं ते लपलेलं आहे. म्हणून फक्त दाखल झाल्यापासून पहिल्या २४ तासांत आलेले रिपोर्ट घ्यायचे, नंतर जोडलेले नाहीत. मामांना तारीख आणि वेळ असलेला शिक्काच शोधायला सांगितला.

आणि डामा. डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी नेलेले. मॅडमच्या मते त्यांतले बरेचजण घरी शेवटचा श्वास घ्यावा म्हणून नेलेले असतात. गाव लांब, पैसे संपलेले, आणि माणसाला स्वतःच्या ओसरीवर जायचं असतं. नोंदीत त्यांचा मृत्यू नाही. कॅप्लान आणि मायर यांचा वक्र असं धरून चालतो की जो बाजूला झाला तो बाकीच्यांसारखाच होता. डामाच्या बाबतीत ते धरता येत नाही. कमिटीने मान्य केलेल्या पद्धतीने या घरांना फोन करायचा, आणि फोन मॅडमच्या युनिटमधली ओळखीची सिस्टर करेल, मी नाही. ज्यांच्याशी बोलणं होणार नाही त्यांच्यासाठी गणित दोनदा: एकदा सगळे जगले धरून, एकदा सगळे आठवड्यात गेले धरून. दोन्हींत कार्ड बदललं तर कार्ड द्यायचं नाही.

२९ जुलै, मंगळवार

नवा फॉर्म छापून आला. प्रत्येक तपासणीपुढे आता तीन जागा आहेत: आकडा, “तपासणी केली नाही”, “रिपोर्ट सापडला नाही”. ईएफपुढे चौथी: नजरेने की मोजून.

पहिला पेपर मामांनीच काढून दिला. बाई, ६२ वर्षं. ईएफ ३०, नजरेने. सोडियम आहे. क्रिएटिनिनच्या जागी मी सवयीने पानं उलटत राहिले. तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट सापडला, पहिल्या दिवसाचा नाही. मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातलं पेन घेतलं आणि “तपासणी केली नाही” वर खूण केली.